निष्ठुर महत्त्वाकांक्षेला इंग्रजी शब्द शोधताना : रॉजेच्या थिसॉरसचे परीक्षण

पर्यायकोश कितपत कामाचा आहे हे सोप्या शब्दांवरून कळत नाही. 'आनंद', 'राग', 'सुंदर' यांचे इंग्रजी पर्याय कोणत्याही साध्या कोशात मिळतात, लेखनाच्या सॉफ्टवेअरमध्येही मिळतात. कोशाचा खरा कस लागतो तो ज्या अर्थाचे तुकडे भाषेत वेगवेगळ्या ठिकाणी विखुरलेले असतात, असा अर्थ शोधताना. तसाच एक अर्थ हाताशी घेऊन मी रॉजेच्या थिसॉरसचे हे परीक्षण लिहीत आहे. वर चढायचेच या एका ध्यासाने, वाटेत येणाऱ्या माणसांचे काय होईल याची तमा न बाळगता, प्रसंगी त्यांच्याच खांद्यावर पाय देऊन आणि गरज संपली की त्यांना बाजूला सारून पुढे जाणाऱ्या माणसाची महत्त्वाकांक्षा, हा तो अर्थ. मराठीत अशा माणसाबद्दल बोलताना आपले अडत नाही. तो बेमुर्वत आहे, पाताळयंत्री आहे, त्याला कशाचाच विधिनिषेध नाही, आपली पोळी भाजून घेण्यासाठी तो कुणाचाही केसाने गळा कापेल, असे आपण सहज म्हणून जातो आणि ऐकणाऱ्याला तो माणूस कळतो. अनुवादाच्या कामात हाच माणूस इंग्रजीत उभा करायची वेळ आली की मात्र हात थबकतो.

थबकण्याचे कारण 'ॲम्बिशस' या शब्दातच आहे. आजच्या इंग्रजीत हा शब्द बहुतेक वेळा शाबासकी म्हणून येतो. शिफारसपत्रात तो आला तर उमेदवाराचे भले होते, आणि एखाद्या योजनेला तो लावला तर 'धाडसी आहे, जमेल की नाही ते पाहू' एवढीच शंका त्यात डोकावते. मुळात तसे नव्हते. ज्या लॅटिन क्रियापदावरून 'ॲम्बिशन' आला त्याचा अर्थ 'भोवती फिरणे' असा आहे. प्राचीन रोममध्ये पदासाठी उभे राहिलेले उमेदवार मते मागत लोकांमध्ये फिरत, त्या फिरण्याला ही संज्ञा होती, आणि त्याच मुळापासून बनलेला 'ॲम्बिटस' हा शब्द तर निवडणुकीतील लाचखोरीच्या गुन्ह्याचे नाव होता. शेक्सपिअरच्या काळापर्यंत इंग्रजीतही या शब्दाला दोषाचा वास होता. सीझर महत्त्वाकांक्षी होता, एवढे कारण त्याच्या नाटकातल्या ब्रूटसला खुनाच्या समर्थनासाठी पुरेसे वाटते. पुढे हा दोष झिजत गेला आणि शब्द गुणवाचक होऊन बसला. म्हणूनच आज महत्त्वाकांक्षेची निंदा करायची असेल तर ती निंदा बाहेरून, दुसऱ्या शब्दाच्या आधाराने आणावी लागते. तो दुसरा शब्द कोणता, हे रॉजेचा थिसॉरस किती चांगले सांगतो, एवढाच माझा प्रश्न आहे.

पीटर मार्क रॉजे हे पेशाने वैद्य होते. जन्म १७७९चा, मृत्यू १८६९चा. रॉयल सोसायटीचे सचिवपद त्यांनी दीर्घकाळ सांभाळले आणि घातांकांची गणिते करता येतील अशी एक सरकपट्टीही तयार केली. वर्गीकरण हा त्यांचा स्वभाव होता. १८०५मध्ये त्यांनी स्वतःच्या लेखनासाठी शब्दांची एक वर्गवार यादी केली, ती जवळ ठेवून तिच्यात भर घातली, आणि निवृत्तीनंतर तिचा विस्तार करून १८५२मध्ये ती ग्रंथरूपाने प्रसिद्ध केली. साधा शब्दकोश आपल्याजवळ असलेल्या शब्दाचा अर्थ सांगतो; रॉजेंनी उलटी वाट धरली. मनात कल्पना आहे, शब्द नाही, अशा माणसासाठी त्यांनी ग्रंथ रचला. त्यासाठी मानवी विचाराचे सहा मोठे वर्ग पाडले : अमूर्त संबंध, अवकाश, जडद्रव्य, बुद्धी, इच्छाशक्ती आणि भावना. या सहांमध्ये एक हजार शीर्षे बसवली आणि परस्परविरोधी कल्पना शक्यतो समोरासमोर ठेवल्या. त्यांच्या पश्चात मुलाने, जॉन लुइस रॉजे यांनी, १८७९ची आवृत्ती सिद्ध केली आणि शेवटची सूची पुष्कळ वाढवली. आज आपण हा ग्रंथ वापरू शकतो तो या सूचीमुळे; नाहीतर रॉजेंची विचारपद्धती पाठ असल्याशिवाय एकही शब्द सापडला नसता.

या परीक्षणासाठी मी १९११ची अमेरिकन आवृत्ती समोर ठेवली आहे. तिचा स्वामित्वहक्क संपल्यामुळे ती इंटरनेटवर मोफत मिळते, आणि मूळ हजार शीर्षांचा सांगाडा तिच्यात बव्हंशी शाबूत आहे. पुढे दिलेले क्रमांक तिच्यातलेच आहेत. नंतरच्या आवृत्त्यांत ते बदलले आहेत, पण शोधाची रीत सगळीकडे सारखीच आहे.

सूचीत 'ॲम्बिशन' काढले की ती आपल्याला मुख्यतः शीर्ष ८६५कडे पाठवते. या शीर्षाचे नाव 'डिझायर', म्हणजे इच्छा. तेथे महत्त्वाकांक्षेचे शेजारी पाहण्यासारखे आहेत. आवड, ओढ, तळमळ, हव्यास, आतुरता या क्रमाने शब्द चढत जातात. 'ॲस्पिरेशन'च्या पाठोपाठ 'ॲम्बिशन' येतो, त्याला लागून 'व्हॉल्टिंग ॲम्बिशन' येतो, आणि मग भूक, तहान, लोभ, हावरटपणा अशी रांग लागते. सरळ पर्याय शोधणाऱ्याला हे पान निराशाजनक वाटेल, कारण निष्ठुरपणाचा येथे मागमूस नाही. मला ते पान फार शिकवणारे वाटते. महत्त्वाकांक्षेला भुकेच्या आणि तहानेच्या पंक्तीला बसवून रॉजे सांगतात की इंग्रजीच्या दृष्टीने ही प्रथम एक ओढ आहे, आणि ओढीला पाप-पुण्य नसते. 'हंग्री फॉर पॉवर' किंवा 'पॉवर-हंग्री' असा प्रयोग का जमतो, ते या शेजारावरून लक्षात येते. 'व्हॉल्टिंग ॲम्बिशन' हा प्रयोग शेक्सपिअरच्या 'मॅकबेथ'मधला. तेथे महत्त्वाकांक्षा उडी मारून खोगिरावर बसू पाहते आणि पलीकडे जाऊन पडते, म्हणजे त्यात इशारा आहे तो उडी मारणाऱ्याच्याच कपाळमोक्षाचा. ज्याच्या अंगावरून ती उडी गेली त्याच्याबद्दल हे शब्द काहीच बोलत नाहीत. मॅकबेथवर लिहिताना तो प्रयोग चपखल आहे. कचेरीतल्या सहकाऱ्यांना तुडवत वर गेलेल्या माणसासाठी तो चुकीचा ठरेल, आणि दिसायला भारदस्त असल्यामुळे ही चूक सहज होऊ शकते.

म्हणून ८६५वर न थांबता पुढे जावे लागते. नीतिविषयक भावनांच्या विभागात शीर्ष ९४३ आहे, 'सेल्फिशनेस'. येथे माणसांची नावे मिळतात. 'सेल्फ-सीकर' म्हणजे आपमतलबी, 'टाइम-सर्व्हर' म्हणजे वारा येईल तशी पाठ देणारा, 'फॉर्च्यून-हंटर' म्हणजे पैशावर डोळा ठेवून लग्न जुळवणारा. त्यांच्यातच 'टफ्ट-हंटर' असा एक शब्द आहे. ऑक्सफर्ड आणि केंब्रिजमध्ये शिकणाऱ्या उमरावांच्या मुलांच्या टोपीला सोनेरी गोंडा असे. त्या गोंड्याला 'टफ्ट' म्हणत, आणि अशा गोंडेवाल्यांच्या मागेपुढे करून स्वतःची सोय लावणारा तो 'टफ्ट-हंटर'. शब्द मोठा गोड आहे आणि आज पूर्णपणे निरुपयोगी आहे, पण पानावर तसे कुठेही लिहिलेले नाही. याच शीर्षाखाली क्रियापदांचे वाक्प्रचारही आहेत : 'फेदर वन्स नेस्ट' म्हणजे आपले घर भरणे, 'टेक केअर ऑफ नंबर वन' म्हणजे आधी स्वतःचे पाहणे, 'हॅव ॲन आय टू द मेन चान्स' म्हणजे कुठे आपला लाभ होईल यावर नजर ठेवणे. हे सगळे आपल्या 'पोळी भाजून घेणे'च्या जवळ जातात. मात्र पोळी भाजून घेणारा माणूस कुणाला तुडवतोच असे नाही. घर भरण्यात लबाडी आहे, क्रौर्य नाही.

क्रौर्य मिळते ते शीर्ष ९१४-अ मध्ये. 'पिटी' म्हणजे दया, हे ९१४; तिचा अभाव म्हणजे 'पिटिलेसनेस', तिला रॉजेंच्या क्रमात मागाहून जागा करून दिली असावी असे त्या 'अ'वरून वाटते. येथे 'पिटिलेस', 'मर्सिलेस', 'रूथलेस', 'अनरिलेंटिंग', 'इनएक्झोरेबल' एकत्र उभे आहेत. आपल्याला हवा असलेला शब्द हाच, 'रूथलेस'. 'रूथ' म्हणजे कळवळा, अनुकंपा. तो शब्द बोलण्यातून जवळजवळ गेला, पण त्याचा अभाव सांगणारा शब्द धडधाकट राहिला. त्याच्याशेजारी 'बॉवेललेस' आहे. पूर्वी इंग्रजीत दयेचे स्थान आतड्यांत मानले जाई, त्यामुळे आतडे नसलेला तो निर्दय; मराठीत आतडे तुटते आणि आतड्याची माया असते, तेव्हा ही कल्पना आपल्याला परकी नाही. पण आजच्या इंग्रजी परिच्छेदात 'बॉवेललेस' लिहिले तर वाचक बुचकळ्यात पडेल. दोन्ही शब्द एकाच ओळीत, एकाच आकाराच्या अक्षरात छापलेले आहेत. त्यांतला एक जिवंत आणि दुसरा मृत आहे, हे ज्याला आधीपासून माहीत असेल त्यालाच हे पान वापरता येते.

आणखी दोन ठिकाणी डोकावणे भाग आहे. शीर्ष ९४० 'इम्प्रोबिटी'मध्ये अप्रामाणिकपणाचे शब्द आहेत आणि त्यांत 'अनस्क्रुप्युलस' आहे. लॅटिनमध्ये 'स्क्रुप्युलस' म्हणजे टोकदार बारीक खडा. चालताना तो पायाला टोचतो तशी मनाला टोचणी लागते ती 'स्क्रूपल', आणि जिला टोचणीच नाही ती वृत्ती 'अनस्क्रुप्युलस'. आपल्या 'विधिनिषेध नसणे' याला याहून जवळचा इंग्रजी शब्द मला ठाऊक नाही. शीर्ष ७०२ 'कनिंग', म्हणजे कपट. तेथे मॅकिआव्हेलीच्या नावावरून आलेला शब्द भेटतो. 'मॅकिआव्हेलियन' म्हणजे आपला पाताळयंत्री. त्यात डोके आहे, डाव आहे, धीर धरून केलेली आखणी आहे. ज्याला डाव टाकण्याइतकी बुद्धी नाही, जो नुसत्या धडकेने माणसे पाडत जातो, त्याला 'मॅकिआव्हेलियन' म्हटले तर त्याचा उगाच सन्मान होतो.

म्हणजे एका अर्थासाठी पाच शीर्षे पालथी घालावी लागली, आणि ती भावनांच्या व इच्छाशक्तीच्या वर्गांत पसरलेली आहेत. हा ग्रंथाचा दोष आहे का? मला तसे वाटत नाही. इंग्रजीत या अर्थाचा एकच स्वयंपूर्ण शब्द नाही, ही वस्तुस्थिती आहे, आणि रॉजेची रचना ती लपवत नाही. अक्षरक्रमाने लावलेला पर्यायकोश 'ॲम्बिशन'खाली दहा-वीस शब्द देऊन मोकळा होतो आणि शोध तिथेच संपल्याचा भास होतो. रॉजे सांगतात की ओढ येथे आहे, स्वार्थ तेथे आहे, निर्दयता पलीकडे आहे, टोचणीचा अभाव आणखी कुठे आहे; आपल्या माणसात यांतले काय किती आहे ते पाहून जुळणी आपण करायची. माणसाचे निदान आधी आणि शब्द नंतर, हा क्रम हा ग्रंथ लावून देतो. अनुवादकाला याहून मोठा उपकार मला माहीत नाही, कारण मूळ मराठी वाक्यात लेखकाने नेमके कशाला बोट लावले आहे, हे याच क्रमाने तपासावे लागते.

जुळणी करताना मात्र ग्रंथ हात सोडतो, आणि माझी मुख्य तक्रार येथे आहे. कोणते विशेषण कोणत्या नामाला लागते, हे रॉजेमध्ये मिळत नाही. 'ॲम्बिशन'ला इंग्रजीत ठरलेली विशेषणे लागतात आणि त्यांतले प्रत्येक वेगळाच दोष दाखवते. 'नेकेड ॲम्बिशन' म्हणजे उघडीवाघडी, काहीही आडपडदा न ठेवलेली महत्त्वाकांक्षा. तिच्यातला दोष लाज नसण्याचा आहे. 'ब्लाइंड ॲम्बिशन'ला परिणाम दिसत नाहीत, आणि ते बहुधा स्वतःवरच उलटतात. 'ओव्हरवीनिंग ॲम्बिशन'मध्ये स्वतःबद्दलचा फुगलेला गर्व आहे. 'अनब्रायडल्ड' म्हणजे शब्दशः बेलगाम; तेथे प्रमाण सुटले आहे, एवढेच कळते. 'बर्निंग ॲम्बिशन' तर चक्क प्रशंसा आहे, लहानपणापासून वैमानिक व्हायचे होते असे सांगणाऱ्याच्या डोळ्यांतली ती चमक. या सगळ्यांत दुसऱ्या माणसाची आठवण करून देणारे विशेषण एकच, 'रूथलेस'. दया करायची ती कुणावर तरी करायची असते, म्हणून 'रूथलेस ॲम्बिशन' म्हटल्याबरोबर ज्यांच्यावर दया झाली नाही अशी माणसे वाक्यात येऊन उभी राहतात. आपल्या अर्थाला एवढेच हवे होते. शब्दांच्या जोड्या देणारा कोश शेजारी असल्याशिवाय हा निर्णय केवळ रॉजेच्या भरवशावर घेता येत नाही.

'रूथलेस'लाही एक धोका चिकटलेला आहे. व्यापाराच्या आणि खेळाच्या इंग्रजीत तो हल्ली कौतुकाने वापरतात. आघाडीच्या फळीतला खेळाडू गोलासमोर 'रूथलेस' असतो, एखादी व्यवस्था 'रूथलेस एफिशियन्सी'ने चालते, आणि वाचणाऱ्याला त्यात काही गैर वाटत नाही. 'किलर इन्स्टिंक्ट'चेही तसेच झाले आहे, आणि विक्रेत्यांच्या जाहिरातीत तर 'ॲग्रेसिव्ह' असणे ही अट म्हणून लिहिलेली असते. म्हणून परिच्छेदात दुखावलेली माणसे कुठेच नसतील तर नुसत्या 'रूथलेस'वर विसंबू नये. त्याच्या जोडीला 'अनस्क्रुप्युलस' द्यावा, म्हणजे कौतुकाची वाट बंद होते.

या शोधातला सर्वांत नाजूक भाग 'बेमुर्वत' या अंगाचा आहे. निर्दय माणूस समोरच्याला पाहतो आणि तरीही तुडवतो. बेमुर्वत माणसाच्या लेखी समोर कुणी आहे याचीच नोंद नसते. कोशात पाहून 'बेमुर्वत'साठी 'इनकन्सिडरेट' लिहिण्याचा मोह होतो, आणि तो आवरला पाहिजे. 'इनकन्सिडरेट' हा घरगुती, लहान अपराधांचा शब्द आहे : रात्री मोठ्याने गाणी लावणारा शेजारी, दुसऱ्याची वाट अडवून गाडी उभी करणारा माणूस. सहकाऱ्याची नोकरी घालवून त्याच्या खुर्चीत बसणाऱ्याला 'इनकन्सिडरेट' म्हणणे म्हणजे त्याला कानपिचक्या देऊन सोडण्यासारखे आहे. येथे इंग्रजी विशेषणापेक्षा क्रियापद जास्त बळकट ठरते. 'राइड रफशॉड ओव्हर' हा वाक्प्रचार त्यासाठीच आहे. निसरड्या वाटेवर घोड्याचा पाय सरकू नये म्हणून नालांना बाहेर आलेले खिळे ठेवत. अशा नालांचा घोडा माणसांवरून नेला तर काय होईल, ती कल्पना या प्रयोगाच्या पोटात आहे. दुसऱ्याच्या भावना, हक्क, हरकती यांना न जुमानता पुढे जाणे, हा त्याचा आजचा अर्थ. याच्याच जवळचा दिसणारा 'ट्रेड ऑन समवन्स टोज' मात्र अगदी सौम्य आहे. त्यात नुसते दुखावणे किंवा दुसऱ्याच्या कामात लुडबुड करणे आहे, आणि तो माफी मागतानाही वापरतात. 'बेमुर्वत'ची मूळ छटा, म्हणजे मुलाहिजा न ठेवणे, 'रफशॉड'मध्ये बऱ्यापैकी उतरते.

माणसासाठी नामच हवे असेल तर निवड आणखी अरुंद होते. 'गो-गेटर' म्हणजे धडाडीचा माणूस, तो आपल्या कामाचा नाही. 'सोशल क्लायंबर'चे लक्ष प्रतिष्ठित वर्तुळांत शिरण्याकडे असते, आणि फ्रेंचमधून आलेला 'ॲरिव्हिस्ट' त्याचाच अधिक तुच्छतादर्शक भाऊ आहे. 'ऑपॉर्च्युनिस्ट' संधी साधतो, पण संधी निर्माण करण्यासाठी कुणाला ढकलेलच असे नाही. 'बॅकस्टॅबर'मध्ये विश्वासघात आहे, आणि केसाने गळा कापणाऱ्याला तो नेमका लागू पडतो, पण विश्वासघात मत्सरापोटीही होतो, महत्त्वाकांक्षेपोटीच होतो असे नाही. 'करिअरिस्ट' मला या सर्वांत उपयोगी वाटतो : स्वतःच्या बढतीपुढे तत्त्वे, संस्था, सोबती सगळे दुय्यम मानणारा. तो शब्द थंड आहे, शिवीसारखा अंगावर येत नाही, म्हणून वृत्तलेखात आणि चरित्रात शोभतो. त्याच्या आधी 'रूथलेस' बसवले की आपला माणूस जवळजवळ पूर्ण होतो. 'कटथ्रोट' दिसायला सर्वांत जवळचा, आणि मराठीतही 'गळेकापू स्पर्धा' रुळली आहे. पण आजच्या इंग्रजीत तो स्पर्धेला, धंद्याला, वातावरणाला लावतात, एकट्या माणसाला क्वचितच. 'डॉग-ईट-डॉग' आणि 'रॅट रेस' यांचेही तेच. त्यांनी दोष माणसावरून उचलून परिस्थितीवर ठेवला जातो, आणि मूळ लेखकाला तो माणसावरच ठेवायचा असेल तर अनुवादाने त्याला परस्पर निर्दोष सोडून दिल्यासारखे होते.

एक वाक्य घेऊन हे सगळे पडताळून पाहावे. 'त्या खुर्चीसाठी त्याने जवळच्या माणसांचा बळी दिला आणि मागे वळूनही पाहिले नाही.' पहिला हात 'सॅक्रिफाइस'कडे जातो, पण इंग्रजीत त्या क्रियापदाला त्यागाची झाक आहे. देणाऱ्यालाही काही गमवावे लागले, दुःख झाले, असे त्यातून सूचित होते, आणि आपल्या माणसाला काहीच झालेले नाही. 'थ्रो अंडर द बस' बोलभाषेतले आहे आणि त्यात स्वतःवरचा ठपका टाळण्यासाठी दुसऱ्याला पुढे करणे हा भाग मुख्य असतो. 'ही वुड सेल हिज ओन ग्रँडमदर', म्हणजे हा स्वतःची आजीसुद्धा विकेल, हा प्रयोग नेमका आहे पण त्यात हसू आहे, आणि मूळ वाक्यात हसू नाही. 'स्टॉप ॲट नथिंग' चालेल, तरी त्यात तुडवलेली माणसे दिसत नाहीत. 'क्लॉ वन्स वे टू द टॉप' यात नखांनी ओरबाडत वर चढणे आहे, पण कष्टातून वर आलेल्या माणसासाठीही तो वापरतात. शेवटी मी 'ट्रॅम्पल' हे क्रियापद घेतले, त्याच्यापुढे 'द पीपल क्लोजेस्ट टू हिम' असे सरळ शब्द ठेवले, आणि मागे वळून न पाहण्याचे उत्तरार्ध जसेच्या तसे ठेवले. 'रूथलेस' हा शब्द वाक्यात घालावाच लागला नाही. जर्मन भाषेत 'प्रेतांवरून चालत जाणे' असा ठरलेला वाक्प्रचार आहे, तसा एखादा इंग्रजीत असता तर काम सोपे झाले असते.

'ट्रॅम्पल'पर्यंत मला रॉजेने थेट नेले नाही, पण नेमके कशाच्या शोधात आहोत हे त्यानेच ठरवून दिले. याउलट, इंटरनेटवरची मोफत पर्यायी शब्दांची संकेतस्थळे वेगाने यादी देतात, शब्द रंगांनी सजवतात, आणि 'ड्रिव्हन', 'पुशी', 'रूथलेस' यांना जवळजवळ एकच समजून ओळीने मांडतात. घाईत विसरलेला शब्द आठवून देण्यापुरती ती ठीक आहेत. अर्थाचे वर्णन टाइप केले की शब्द सुचवणारे उलटे कोशही आता मिळतात, आणि वर्णन नेमके असेल तर त्यांचा उपयोग होतो. पण ज्याला आपला अर्थ अजून नीट उमगलेला नाही तो वर्णन तरी काय लिहिणार? जुन्या काळातील व्यक्तिरेखेच्या तोंडी शब्द घालायचा असेल तर ऑक्सफर्डचा ऐतिहासिक थिसॉरस पाहावा. ग्लासगो विद्यापीठात १९६५मध्ये सुरू झालेले ते काम २००९मध्ये प्रसिद्ध झाले, आणि कोणता शब्द कोणत्या काळात त्या अर्थाने वापरात होता हे त्यात नोंदलेले आहे. रॉजेमधील मृत शब्दांचा प्रश्न तेथे आपोआप सुटतो. रोजच्या कामासाठी मात्र तो फार मोठा पसारा आहे.

ज्यांचे इंग्रजी वाचन बेताचे आहे, ज्यांना अर्थासह शब्द हवा आहे, परीक्षेसाठी शब्दसंग्रह वाढवायचा आहे, त्यांनी रॉजेपासून सुरुवात करू नये. एकाही शब्दाची व्याख्या नसलेला हा ग्रंथ त्यांच्या हाती 'बॉवेललेस' आणि 'टफ्ट-हंटर' देऊन त्यांचे नुकसान करील. त्यांच्यासाठी इंग्रजी शिकणाऱ्यांकरिता केलेले कोश आहेत, ज्यांत उदाहरणाची वाक्ये असतात आणि नापसंती दाखवणाऱ्या शब्दांवर तशी खूण केलेली असते. ज्यांना शब्द ओळखीचे आहेत पण वेळेवर आठवत नाहीत, किंवा आपल्याच मनातला अर्थ उलगडून पाहायचा आहे, त्यांनी हा ग्रंथ जरूर जवळ ठेवावा, आणि शेजारी तो शिकाऊंचा कोशही ठेवावा. दोन्हींमध्ये ये-जा केल्याशिवाय काम पुरे होत नाही.

घेताना एक काळजी अवश्य घ्यावी. रॉजेचे नाव अनेक प्रकाशक आपापल्या पर्यायकोशांवर छापतात, आणि त्यांतले कित्येक कोश आतून साधे अक्षरक्रमाचे असतात. त्यांत 'ॲम्बिशन'खाली एक ठरावीक यादी मिळते आणि वर सांगितलेला शोध करताच येत नाही. मुखपृष्ठावरच्या नावापेक्षा आतले शेवटचे पान पाहावे : ग्रंथाच्या मागच्या भागात शब्दांपुढे शीर्षांचे क्रमांक देणारी लांबलचक सूची असेल आणि पुढच्या भागात शीर्षे क्रमांकाने लावलेली असतील, तर तो कल्पनांच्या क्रमाने रचलेला, म्हणजे कामाचा थिसॉरस आहे.